आधी ऊन, मग कुंडी

आश्विन शुद्ध प्रतिपदेला आपल्याकडे घरोघरी एक कुंडी बसते. तिला कुणी कुंडी म्हणत नाही एवढंच. बांबूची परडी किंवा पत्रावळ, तीत वावरातून आणलेली काळी माती, त्या मातीत घरच्या रीतीप्रमाणे गहू, ज्वारी, मूग असं धान्य आणि मधोमध पाण्याने भरलेला घट. घट मातीचा असला की तो पाझरत राहतो आणि भोवतालच्या मातीला ओल पुरवतो; वरून रोज थोडं पाणी शिंपडलं तरी भागतं. परडीला खालून फटी असल्यामुळे जास्तीचं पाणी साचत नाही. भांडं, माती, ओल आणि निचरा या चारही बाबतींत घट बिनचूक असतो. तरीही नवव्या दिवशी वीतभर वाढलेले अंकुर पिवळे असतात, कारण देवघरात नंदादीप असतो, ऊन नसतं. उजेडाशिवाय हरितद्रव्य तयार होत नाही आणि उजेड शोधत अंकुर नुसतेच लांबत जातात. दसऱ्याला टोपीत खोवायला तो पिवळा तुरा शोभतो. बाल्कनीत शेवंती लावणाऱ्याने मात्र त्या रंगाकडे जरा वेगळ्या नजरेने बघावं.

ही पुस्तिका शरदातल्या कुंड्यांबद्दल आहे. भाद्रपद सरता सरता करायची तयारी आणि आश्विन-कार्तिकात बघायची फुलं, असा तिचा आवाका. झाडांच्या याद्या, कुंड्यांची मापं आणि मातीची मिश्रणं पुढच्या पानांत आहेत. प्रस्तावनेत मला सांगायचं आहे ते क्रमाबद्दल, कारण बहुतेक घरांत तो उलटा असतो. दिवाळीआधीच्या रविवारी पुण्यातल्या सोलापूर रस्त्यावरच्या नर्सऱ्यांत चक्कर मारायची, डोळ्यांत भरेल ते फुललेलं झाड उचलायचं, त्याला शोभेलशी कुंडी घ्यायची आणि घरी आल्यावर ते ठेवायचं कुठे याचा विचार करायचा. मग वॉशिंग मशीनशेजारी रिकामी असलेली जागा त्याच्या नशिबी येते. तुळशीच्या लग्नापर्यंत झाड जातं आणि आपल्या हाताला गुण नाही असा निष्कर्ष निघतो. हाताला गुण असतो. आधी ऊन बघायचं, त्यावरून कुंडी ठरवायची आणि झाड सगळ्यांत शेवटी निवडायचं, एवढाच बदल पुरतो.

ऊन बघायचं म्हणजे काय, ते नीट सांगतो, कारण शरदात ते झपाट्याने जागा बदलतं. पुण्यात २१ जूनला माध्यान्हीचा सूर्य जवळजवळ डोक्यावर, किंबहुना किंचित उत्तरेला असतो. २३ सप्टेंबरच्या सुमारास दिवस-रात्र समान होतात आणि त्यानंतर सूर्य दक्षिणेकडे उतरत जातो. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात भर दुपारीही तो क्षितिजापासून जेमतेम ४८ अंशांवर असतो. आकडा रुक्ष आहे, पण बाल्कनीत उतरवला की त्याला अर्थ येतो. दक्षिणेकडे तोंड असलेली, नऊ फुटांवर छत असलेली बाल्कनी घ्या. सप्टेंबरअखेर दुपारचं ऊन तिच्या फरशीवर तीनेक फूट आत येतं. डिसेंबरात तेच ऊन आठ फूट आत, थेट दिवाणखान्याच्या उंबऱ्यापर्यंत पोहोचतं. आता याच बाल्कनीला जाळीऐवजी तीन फूट उंच भरीव कठडा असेल, तर डिसेंबरात कठड्यामागच्या पावणेतीन फुटांत दुपारी ऊन पडणारच नाही. कुंड्या नेमक्या तिथेच ओळीने मांडलेल्या असतात. त्या दोन फूट उंच स्टँडवर चढवल्या, तर तीच जागा त्या बाल्कनीतली उत्तम जागा ठरते.

उत्तरेच्या बाल्कनीचं गणित सोपं आणि निष्ठुर आहे. सप्टेंबरच्या विषुवदिनापासून मार्चच्या विषुवदिनापर्यंत तिथे थेट ऊन येतच नाही. पावसाळ्यापूर्वी तिथे सकाळ-संध्याकाळ तिरपं ऊन येत होतं, त्या आठवणीवर विसंबून ऑक्टोबरात झेंडू आणू नये. पूर्वेला सकाळचं कोवळं ऊन मिळतं आणि शरदातल्या बहुतेक फुलांना ते मानवतं. पश्चिमेला दुपारी दोननंतर जो भडका उडतो तो सदाफुली, चिनी गुलाब, बोगनवेल, अडेनियम अशी काटक मंडळीच सोसतात. समोरची इमारत, वरच्या मजल्याचा सज्जा, शेजारच्यांनी टाकलेली हिरवी जाळी यांचा परिणाम कंपासात दिसत नाही. म्हणून एका सुट्टीच्या दिवशी हातात खडू घ्या आणि दर तासाला उन्हाची कड फरशीवर आखा. चार तासांहून अधिक ऊन मिळणारा तुकडा फुलांचा, दोन-तीन तासांचा अबोलीसारख्यांचा, आणि त्याहून कमी असेल तिथे पानांवर समाधान मानायचं.

कुंडीकडे वळण्याआधी हवेबद्दल थोडं. भारतीय हवामान खात्याच्या २०२० साली सुधारलेल्या वेळापत्रकानुसार मुंबईतून मोसमी पाऊस परतण्याची सरासरी तारीख ८ ऑक्टोबर आहे. शेतकऱ्यांची मोजणी नक्षत्रांची: सप्टेंबरअखेर हस्त लागतं, १० ऑक्टोबरच्या आसपास चित्रा, त्यानंतर दोन आठवड्यांनी स्वाती. हस्ताचा पाऊस आणि चित्रेचं ऊन यांच्यात कधीकधी चार दिवसांचंही अंतर नसतं. चार महिने भिजून घट्ट बसलेली, वर शेवाळ धरलेली कुंडीतली माती एकाएकी भाजायला लागते. वरचा थर तडकतो, आत मात्र चिखल असतो. वरचं बघून आपण पाणी घालतो आणि खाली मुळं कुजतात. शेतात ज्याला वाफसा म्हणतात तो कुंडीतही यावा लागतो. बोट दोन पेरं आत घालावं. माती बोटाला चिकटली तर थांबावं, भुसभुशीत सुटली तर वाफसा आला. मग वरचा दोन इंच थर खरवडून काढावा आणि तेवढंच गांडूळखत किंवा चांगलं कुजलेलं शेणखत घालावं, कारण पावसाने नत्र धुऊन नेलेलं असतं. खालची पानं पिवळी पडत असतील तर त्याचं एक कारण हे असतं. ही मशागत न करता जुन्या कुंडीत नवं झाड लावणं म्हणजे पैसे पाण्यात घालणं.

आता कुंडी. दुकानात गेल्यावर आपण रंग आणि आकार बघतो. झाडाला त्यातलं काही कळत नाही. त्याला खोली कळते, भोक कळतं आणि भिंतीतून हवा येते की नाही ते कळतं. यातली खोलीची गोष्ट सगळ्यांत कमी बोलली जाते. भांडी घासायचा आयताकृती स्पंज पाण्यात बुडवून आडवा धरा. निथळणं थांबलं की तोच उभा करा. पुन्हा पाणी गळायला लागतं. स्पंज तोच, फक्त उंची वाढली. मातीचंही असंच आहे. निथळून झाल्यावरही कुंडीच्या तळाशी पाण्याने भरलेला एक थर राहतो आणि एकाच मातीत त्याची जाडी कुंडीच्या उंचीनुसार बदलत नाही. बारा इंची कुंडीत तो थर तळाच्या काही मुळांपुरता असतो. पाच इंच खोल ट्रेमध्ये निम्मी माती त्यातच बुडालेली असते. म्हणून उथळ पात्राला हलकी, भरड माती लागते आणि खोल कुंडीला थोडी जड चालते.

इथेच एका जुन्या सवयीशी माझं भांडण आहे. निचरा व्हावा म्हणून तळाला विटांचे तुकडे, खडी, खापऱ्यांचा जाड थर घालतात. बारीक मातीतलं पाणी भरड थरात सहज उतरत नाही; वरची माती पूर्ण भिजेपर्यंत ते तिथेच अडतं. म्हणजे खडीने ओला थर नाहीसा होत नाही, दोन इंच वर सरकतो आणि मुळांची जागा तेवढी कमी होते. भोकावर एक खापरी पालथी ठेवा, माती वाहून जायची थांबते. बाकीची कुंडी मातीनेच भरा.

मातीची भाजलेली कुंडी मला अजूनही पहिल्या पसंतीची वाटते, त्यात आठवणींचा भाग नाही. तिच्या भिंतीतून पाणी बाष्प होऊन जातं, त्यामुळे चित्रेच्या उन्हातही मुळं गार राहतात. माठातलं पाणी गार होतं त्याच कारणाने. किंमत ही की ती लवकर सुकते, पश्चिमेच्या उन्हात दिवसातून दोनदा पाणी मागते. नवी कुंडी रात्रभर पाण्यात बुडवून ठेवावी, नाहीतर पहिलं पाणी तीच पिते. बाहेरून पांढरे डाग येतात ते क्षारांचे. बोअरवेलचं पाणी असेल तर जास्त. पुण्यात कसब्यातला आणि मुंबईत धारावीतला कुंभारवाडा अजून आहे, पण नवरात्र जवळ आलं की तिथली चाकं पणत्यांकडे वळतात. कुंड्या श्रावणातच घेऊन ठेवाव्यात. (न्यू जर्सीत किंवा लंडनजवळ राहणाऱ्या वाचकांसाठी: तुमच्याकडे सप्टेंबरात दुकानाबाहेर शेवंतीच्या गोलाकार कुंड्यांची रांग लागते, तिला मातीच्या कुंडीत हलवायला हरकत नाही, पण थंडी गोठणबिंदूखाली जायच्या आत कुंडी आत घ्या. भिंतीत मुरलेलं पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगतं आणि कुंडीच्या ढलप्या निघतात.)

सिमेंटची कुंडी टिकाऊ खरी, पण नवी असताना तिच्यातून चुना सुटतो. आठवडाभर पाणी भरून बदलत राहिल्याशिवाय तीत झाड लावू नये. आणि ती उचलणार कोण? प्लास्टिक आणि ग्रो बॅग हलक्या, स्वस्त, ओल धरून ठेवणाऱ्या. दोष एकच, काळा रंग. पश्चिमेच्या बाल्कनीत काळ्या प्लास्टिकच्या उन्हाकडच्या बाजूची मुळं अक्षरशः शिजतात. ती कुंडी तिच्याहून मोठ्या जुन्या कुंडीत ठेवा, मधल्या फटीत नारळाच्या शेंड्या भरा. तेलाचे पत्र्याचे डबे चार-पाच वर्षं छान चालतात. रंगाच्या बादल्यांना भोकं पाडा, पण बुडाला नव्हे, बुडापासून अर्धा इंच वर बाजूला. फरशीला टेकून ती बुजत नाहीत. चिनी मातीच्या चकचकीत बरण्यांना भोकच नसतं, त्यांत फक्त दुसरी कुंडी बसवावी.

वजनाकडे कुणी बघत नाही. बारा इंची कुंडीत साधारण चौदा लिटर माती मावते. बागेची माती भिजली की त्या एका कुंडीचं ओझं वीस-पंचवीस किलोंवर जातं. अशा सहा कुंड्या ग्रिलवर टांगणं हा खालून चालणाऱ्यांच्या जिवाशी खेळ आहे. टांगायचंच असेल तर निम्मं कोकोपीट, उरलेलं गांडूळखत आणि थोडी माती, कुंडी आठ इंची, आणि कठड्याच्या आतल्या बाजूला. कुंडीखालच्या बश्यांचंही तसंच. डेंग्यूचा डास स्वच्छ साचलेल्या पाण्यात वाढतो आणि अंड्यापासून डास व्हायला आपल्या हवेत आठ-दहा दिवस पुरतात. शिवाय त्याची अंडी बशीच्या कडेला चिकटून महिनोन्‌महिने कोरडी टिकतात. म्हणून बशी नुसती रिकामी करून चालत नाही, आठवड्याला घासावी लागते.

एवढं झाल्यावर झाड. शरदाची राणी शेवंती, आणि तिच्याबाबत उन्हाइतकाच अंधार महत्त्वाचा आहे. १९२० साली अमेरिकेच्या कृषी खात्यातले गार्नर आणि ॲलार्ड यांनी तंबाखू आणि सोयाबीनवर प्रयोग करून दाखवलं की काही झाडं दिवस-रात्रीच्या लांबीवरून फुलायचं ठरवतात. शेवंती त्यातलीच. दिवस लहान, रात्र मोठी आणि सलग अंधारी झाली की तिला कळ्या धरतात. रात्रीत मध्येच उजेड पडला तर तिच्या लेखी रात्र तुटते. हंगाम पुढे ढकलायचा असेल तेव्हा शेवंतीचे शेतकरी मुद्दाम दिवे लावतात. आपण तेच नकळत करतो. जिन्यातल्या रात्रभर जळणाऱ्या ट्यूबखाली किंवा सोसायटीच्या फाटकावरच्या प्रखर दिव्यासमोर ठेवलेली शेवंती हिरवीगार वाढते, पानं दाट, देठ जाड, आणि नोव्हेंबर उलटला तरी कळीचा पत्ता नाही. खत बदलून उपयोग नाही. कुंडी अंधाऱ्या बाजूला हलवली की काही आठवड्यांत देठाच्या टोकाला वाटाण्याहून लहान गाठी दिसायला लागतात.

विकतची शेवंती घेताना सगळी फुललेली घेऊ नका. एखाद-दुसरं फूल उमललेलं, बाकी कळ्यांना रंग दिसू लागलेला, असं झाड महिनाभर साथ देतं. शेंड्याजवळचे कोवळे देठ बोटांनी बाजूला करून काळा मावा आहे का बघा. कुंडी उचलून तळ बघा, भोकातून डोकावणारी मुळं पांढरी हवीत. ते झाड इतकं बुटकं आणि गुबगुबीत दिसतं कारण एका कुंडीत तीन-चार कलमं असतात आणि बहुधा वाढ रोखणारं औषध मारलेलं असतं. पुढच्या वर्षी तीच शेवंती गुडघाभर होते. त्यात आपली चूक नाही. फुलं संपल्यावर खोडापर्यंत छाटा, बुडाशी काश्या फुटतात, त्या उन्हाळ्यात वेगळ्या लावा आणि पावसाळ्याच्या मध्यापर्यंत शेंडे खुडत राहा.

नर्सरीतल्या कुठल्याही झाडाची आणखी एक खोड. काळ्या पिशवीत लाल चिकण मातीचा दगडासारखा गोळा असतो. तो तसाच कोकोपीटच्या मिश्रणात बसवला की पाणी बाजूने निघून जातं. भोवतालचं मिश्रण ओलं, गोळा आतून कोरडा, आणि झाड पाण्यात उभं राहून सुकतं. पिशवीसकट गोळा बादलीत बुडवा, बुडबुडे थांबेपर्यंत ठेवा, मग कडेची माती बोटांनी मोकळी करून लावा.

झेंडू मेक्सिकोतला. तिथे नोव्हेंबरच्या आरंभी पितरांच्या सणाला तो लागतो, इथे दसऱ्याच्या तोरणाला. शेवंतीपेक्षा सोशिक, ऊन भरपूर हवं. दसऱ्याला घरचा झेंडू हवा असेल तर बी आषाढात पेरायला हवं, कारण मोठ्या फुलाच्या जातीला पेरणीपासून दोन महिने तरी लागतात. कुंडीसाठी मी मात्र मखमलच सुचवीन. आठ इंची कुंडी पुरते, बांधावं लागत नाही, सुकलेली फुलं खुडत राहिलं की संक्रांतीपर्यंत फुलते. ॲस्टरमध्ये महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या गणेशखिंड केंद्रातून आलेले ‘फुले गणेश’ मालिकेतले पांढरे, गुलाबी, जांभळे वाण आपल्या हवेला सरावलेले आहेत. मुंबई, कोकण आणि गोव्यात शरदातल्या रात्री उकाड्याच्या आणि दमट. तिथे शेवंती देशावरच्यासारखी खुलत नाही. तिथे अबोली लावावी. तिच्यासाठी सकाळचं ऊन, आंबटसर मोकळी माती आणि दहा इंची कुंडी एवढं बास. प्राजक्त कुंडीत होतो, पण अठरा इंचांखाली नाही.

तुळशीबद्दल लिहिताना हात जरा आखडतो, पण लिहितो. हल्ली मिळणारी संगमरवरी छोटी वृंदावनं देखणी असतात आणि तुळशीला जगू देत नाहीत: पेल्याएवढी खोली, तळाला भोक नाही. तुळस दहा इंची कुंडीत वाढवा, लग्नाच्या दिवशी वृंदावनात बसवा, पुन्हा बाहेर काढा. शरदात मंजिऱ्यांचं पीक येतं. बी धरू दिलं की तुळस वाळते, म्हणून मंजिऱ्या कोवळ्या असतानाच खुडाव्यात.

परदेशी पुस्तकांतल्या शरदाच्या कुंड्यांत पॅन्सी, शोभेची कोबी, हेदर असतात. पॅन्सी आणि कोबी आपल्याकडेही होतात, पण आश्विनात त्यांचं फक्त बी टाकायचं. नागपुरात थंडी आधी पडते म्हणून तिथे त्या थोड्या लवकर, पुण्यात मार्गशीर्ष-पौषात. ऑक्टोबरात ही तयार रोपं कुणी विकत असेल तर ती सावलीत सांभाळलेली असतात, आपल्या उन्हात दोन दिवस टिकत नाहीत. कोथिंबिरीचंही तसंच, चित्रेच्या उन्हात बी धड रुजत नाही, दिवाळीनंतर पेरावं. मेथी मात्र ताबडतोब, सहा इंच खोल लांब कुंडीत. महिन्याच्या आत एका भाजीपुरती निघते.

आणि कास पठार. सप्टेंबरात पठारावर जाऊन आलेली मंडळी पिशवीतून सोनकीची, तेरड्याची मुळं आणतात. जांभ्यावरच्या काही इंच मातीत, चार महिने पाण्यात आणि आठ महिने कोरडी राहणारी ती झाडं आपल्या कुंडीत जगणार नाहीत. पश्चिम घाटातल्या ज्या जागांना २०१२ साली जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली, त्यांत कास आहे, हे वेगळं सांगायला नको. रानातलं एकही झाड या पुस्तिकेच्या याद्यांत नाही.

याद्या फुलांच्या नावांप्रमाणे लावलेल्या नाहीत, दिशांप्रमाणे आहेत. म्हणून आधी खडू घेऊन फरशी आखून या, मग आपल्या दिशेचं पान उघडा. प्रत्येक झाडासमोर कुंडीची किमान खोली दिली आहे. दक्षिणेची यादी चार पानं भरते. उत्तरेची अर्ध्या पानात संपते: नेचे, मनी प्लांट, अग्लोनिमा, पीस लिली आणि आणखी एक-दोन. विकतची, कळ्यांवरची शेवंती तिथे फुलदाणीतल्या फुलांसारखी तीन आठवडे ठेवता येईल, पुढच्या वर्षी ती तिथे फुलणार नाही. वाचकाला बरं वाटावं म्हणून ही यादी वाढवलेली नाही.